राजस्थानच्या तेलात सपुष्प वनस्पतींची खूण : दर उन्हाळ्यात उगवणाऱ्या ओलियनेनच्या शिखराचे समस्या निवारण

गेली तीन वर्षे आमच्या सोलापूरच्या प्रयोगशाळेत मार्चअखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती. खनिज तेलाच्या नमुन्याचे विश्लेषण जीसी-एमएस यंत्रावर (हे मिश्रणातील संयुगे एकेक वेगळी करून त्यांचे तुकडे वस्तुमानावरून ओळखते) केल्यानंतर १९१ वस्तुमानाच्या तुकड्याचा आलेख काढला, की ३० कार्बनी होपेन या जीवाणूंपासून येणाऱ्या संयुगाच्या उंच शिखराच्या अगदी अलीकडे, सपुष्प वनस्पतींची खूण असलेल्या ओलियनेनच्या नेमक्या जागी, एक लहानसे शिखर दिसत असे. आसामच्या तेलात ते दिसावयासच हवे आणि खंभात खोऱ्यातील तेलात दिसले तरी नवल नाही. परंतु राजस्थानातील बाघेवाला क्षेत्राच्या जड तेलातही ते दिसू लागले, तेव्हा काहीतरी चुकते आहे याबद्दल शंका उरली नाही. हिवाळ्यात तोच नमुना पुन्हा चालविला की शिखर नाहीसे होई आणि उन्हाळा आला की पुन्हा डोके वर काढी. (इंग्रजीत या शिखराला ‘पीक’ म्हणतात, पण मंगळवेढ्याकडून आलेल्या विद्यार्थ्याला हा शब्द ऐकताच मालदांडी ज्वारी आठवते, म्हणून आमच्याकडे ‘शिखर’ हाच शब्द रूढ आहे.)

ज्यांच्याकडे असाच प्रकार घडतो आहे त्यांच्यासाठी आम्ही काय तपासले, कशात वेळ वाया घालविला आणि दोष अखेर कोठे सापडला, हे येथे सविस्तर लिहीत आहे. तक्रार एका शिखराची असली तरी तिच्यामागे दोन वेगळे दोष दडलेले होते. एक काचसामानातला होता आणि दुसरा आलेख वाचण्यातला. पहिला दुरुस्त केल्याशिवाय दुसरा दिसत नाही.

हे शिखर तेथे का असू शकत नाही

ओलियनेन हा ३० कार्बन आणि ५२ हायड्रोजन असलेला, ४१२ रेणुवस्तुमानाचा हायड्रोकार्बन आहे. सपुष्प वनस्पतींच्या साली, पाने आणि राळेत आढळणाऱ्या बीटा-अमायरीनसारख्या ट्रायटर्पेनॉइड संयुगांपासून तो गाळात गाडल्या गेल्यानंतर तयार होतो. खनिज तेलात अशी जैविक ओळख टिकून राहते, हे आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३४ ते १९३६ या काळात तेलातील पॉर्फिरिनांचा संबंध हरितद्रव्याशी जोडून दाखविले आणि तेथूनच या शास्त्राची सुरुवात झाली. ओलियनेनचे महत्त्व असे, की त्याच्या अस्तित्वावरून केवळ वनस्पतीच नव्हे, तर काळही कळतो. सपुष्प वनस्पतींचे परागकण सुमारे १३ ते १४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांपासून मिळू लागतात, तेलात लक्षणीय प्रमाणात ओलियनेन सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या उत्तर क्रिटेशस काळापासून पुढे आढळते, आणि ओलियनेनचे होपेनशी असलेले गुणोत्तर ०.२ हून अधिक असेल तर उगमखडक, म्हणजे ज्या खडकात तेल तयार झाले तो, बहुधा टर्शरी किंवा त्याहून अलीकडचा, म्हणजे ६.६ कोटी वर्षांच्या आतला, असे मानले जाते.

बाघेवालाचे तेल याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. त्याचा उगमखडक कँब्रियनच्या उंबरठ्यावरचा किंवा त्याच्याही आधीचा, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांचा अथवा त्याहून जुना आहे. त्या काळी सपुष्प वनस्पती तर सोडाच, जमिनीवर कोणतीच झाडे नव्हती. अशा तेलात ओलियनेन सापडणे म्हणजे पेशवाईतल्या मोडी कागदावर बॉलपेनची सही सापडण्यासारखे आहे. कागद खरा असू शकतो, पण सही नंतर कोणीतरी केलेली असते.

पहिल्या वर्षी मात्र हे इतके स्पष्टपणे आमच्या लक्षात आले नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. मोजलेले गुणोत्तर ०.०३ ते ०.०५ इतके अल्प होते. ते ०.८ आले असते तर कोणीही यंत्र बंद करून शोधास लागले असते. परंतु क्रिटेशस काळातील तेलांत गुणोत्तर खरोखरच असे लहान असू शकते, त्यामुळे ‘तेल थोडे मिश्र असावे’ असे स्पष्टीकरण सहज सुचले. त्यात भर म्हणून त्याच नमुन्यात २९ कार्बनी स्टेरेनचे, म्हणजे स्टेरॉलांपासून तयार होणाऱ्या हायड्रोकार्बनाचे, प्राबल्य होते, आणि २९ कार्बनी स्टेरेन म्हणजे स्थलीय वनस्पती हे समीकरण पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वह्यांत जणू कायमचे छापलेले असते. दोन पुरावे एकमेकांना दुजोरा देत आहेत असे वाटले आणि विद्यार्थ्याने अहवालात ‘वनस्पतिजन्य घटकाचा अंश’ असे लिहिलेही. प्रत्यक्षात एक पुरावा बाहेरून आलेला होता आणि दुसऱ्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

आधी ज्यांच्यावर संशय घेतला ते

सर्वप्रथम संशय शेजाऱ्यांवर गेला. आमची इमारत शहराच्या पूर्व भागात आहे. चहूबाजूंना यंत्रमाग आहेत, मागांना दिवसरात्र खनिज वंगण घातले जाते आणि वीज गेली की जनित्रे सुरू होतात. वंगणतेल हे खनिज तेलाच्याच जड अंशापासून बनत असल्याने त्यात होपेन आणि स्टेरेन जसेच्या तसे शिल्लक असतात; डिझेलमध्ये मात्र ते जवळजवळ नसतात, कारण त्यांचा उत्कलनबिंदू डिझेलच्या कक्षेच्या वर असतो. वाहनांच्या आणि जनित्रांच्या धुरात जे होपेन आढळतात ते इंजिनातील वंगणाचे असतात. म्हणून आम्ही खिडकीच्या कट्ट्यावर स्वच्छ द्रावकाने भरलेले चंचुपात्र चोवीस तास उघडे ठेवले आणि त्याचे विश्लेषण केले. होपेन खरोखरच मिळाले, आणि तीन आठवडे आम्ही त्याच समाधानात राहिलो.

तीन आठवड्यांनी साधा हिशेब मांडला तेव्हा ते समाधान संपले. चंचुपात्रात मिळालेले होपेन नॅनोग्रॅमच्या मापात होते, तर एक ग्रॅम खनिज तेलात होपेनांचे प्रमाण शेकडो मायक्रोग्रॅमच्या घरात असते. हवेतून आलेला अंश इतक्या मोठ्या साठ्यात मिसळून गुणोत्तर ०.०४ पर्यंत नेणे अशक्य होते. ज्यांच्याकडे खडकाच्या तुकड्यातून काढलेला, काही मायक्रोग्रॅमचाच अर्क असतो त्यांनी मात्र मागाच्या वंगणाला आणि जनित्राच्या धुराला भ्यावे. पूर्ण तेलाचा नमुना चालविणाऱ्यांनी तो संशय पहिल्याच दिवशी आकड्यांनी तपासून बाजूला ठेवावा.

इतर नेहमीचे आरोपी लवकर सुटले. रबरी सेप्टम आणि जुना कॉलम यांच्यामुळे येणारी सिलोक्सेने २०७ आणि २८१ या वस्तुमानांवर दिसतात, प्लॅस्टिकमधील थॅलेट १४९ वर दिसते, आणि बोटांच्या ठशांतून येणारे स्क्वॅलिन ६९ वर. यांपैकी कोणीही १९१ च्या आलेखात होपेनच्या आधी नेमके येऊन बसत नाही. सिरिंजमधून आधीच्या नमुन्याचा अंश पुढे जातो का, हे पाहण्यासाठी दोन नमुन्यांच्या मध्ये निव्वळ हेक्झेन टोचले. शिखर दिसले नाही. शेंगा चटणीच्या डब्याचाही संशय एका सहकाऱ्याने घेतला, परंतु शेंगदाण्याचे तेल म्हणजे ग्लिसराइडे. ती सिलिकाच्या कॉलमवर अडकून राहतात आणि संपृक्त हायड्रोकार्बनांच्या अंशात उतरत नाहीत. डबा प्रयोगशाळेबाहेर ठेवण्याचा नियम आम्ही तरीही केला, पण तो वेगळ्या कारणासाठी.

एक पुरावा मात्र आम्हाला सतत चुकीच्या दिशेने ढकलत होता, तो म्हणजे ब्लँक. दर आठवड्याला कोणताही नमुना न घालता संपूर्ण प्रक्रिया एकदा केली जात असे आणि तो ब्लँक नेहमी निर्मळ येत असे. त्यावरून काचसामान, द्रावक आणि सिलिका हे तिन्ही निर्दोष आहेत असे आम्ही धरून चाललो. ब्लँक केव्हा केला जातो, हे विचारण्याचे कोणाच्याही मनात आले नाही.

उन्हाळा आणि फिरता बाष्पीभवक

उत्तर सापडले ते प्रयोगशाळेतील मामांमुळे. एप्रिलमधील एका दुपारी फिरत्या बाष्पीभवकाजवळ उभे राहून ते सहज म्हणाले, “सर, ह्या वरच्या नळीत तपकिरी डाग आहे. तेल इथवर कसं चढलं?”

ते कसे चढले हे समजण्यासाठी प्रक्रिया सांगणे आवश्यक आहे. सुमारे एक ग्रॅम तेल चाळीसपट पेट्रोलियम ईथरमध्ये मिसळून अॅस्फाल्टीन, म्हणजे तेलातील सर्वांत जड डांबरी भाग, खाली बसवले जाते, गाळलेला द्राव गोल तळाच्या चंबूत घेऊन फिरत्या बाष्पीभवकावर आटवला जातो, आणि मग सिलिकाच्या कॉलमवरून संपृक्त अंश वेगळा काढून तो पुन्हा आटवला जातो. पेट्रोलियम ईथर ४० ते ६० अंश सेल्सिअस या कक्षेत उकळते. पुढच्या अंशासाठी वापरले जाणारे डायक्लोरोमीथेन तर सुमारे ४० अंशांवरच उकळते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० च्या पुढे जाते, म्हणजे मांडणीवरची बाटली उत्कलनबिंदूच्या काठावरच उभी असते.

त्यात भर पडते ती पाण्याची. शहराला नळाचे पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे शीतकातून वाहते पाणी सोडणे कोणालाच परवडत नाही. आम्ही बादलीतले पाणी छोट्या पंपाने फिरवत असू. गच्चीवरच्या टाकीतून आलेले ते पाणी उन्हाळ्यात आधीच कोमट असते आणि दोन तासांत आणखी तापते. शीतक थंड नसला की बाष्प द्रवरूप होत नाही, आटण्याचे काम रेंगाळते, विद्यार्थी घाईने निर्वात वाढवितो, आणि उत्कलनबिंदूजवळ असलेले द्रावक एकदम उसळी मारते. ही उसळी चंबूतील तेलासकट वरच्या बाष्पनळीत आणि उसळी अडविण्यासाठी लावलेल्या फुग्यात चढते. विद्यार्थी हवा सोडतो, द्राव खाली बसतो, काम पुढे चालू राहते. फुगा उसळी अडवितो म्हणून सर्वजण निर्धास्त असतात. पण अडविलेले तेल जाते कोठे, हा प्रश्न राहून जातो.

ते तेथेच राहते, आणि पुढचा चंबू लावला की त्या चंबूतील द्रावकाची वाफ त्याच नळीच्या भिंतीवर थोडी थोडी द्रवरूप होऊन, आधीच्या तेलाला धुऊन, नव्या चंबूत खाली उतरते. आमच्याकडे आसामचा नमुना नेहमी आधी आणि राजस्थानचा शेवटी घेतला जाई, कारण विद्यार्थ्याच्या यादीत ते त्याच क्रमाने होते. शिवाय बाघेवालाचे तेल जड असल्याने त्यातील अॅस्फाल्टीन नीट बसवण्यासाठी द्रावक दुप्पट-अडीचपट लागे. म्हणजे वाफ अधिक, आणि म्हणून नळीची धुलाईही अधिक. ज्या तेलात ओलियनेन असूच शकत नाही त्यालाच ते सर्वाधिक मिळत होते, याचे कारण एवढेच होते. हिवाळ्यात उसळी येत नसे म्हणून शिखरही येत नसे. आणि ब्लँक सोमवारी सकाळी, आठवडाअखेरीची धुलाई झाल्यानंतर, थंड हवेत आणि सर्व नमुन्यांच्या आधी केला जाई. तो निर्मळ न येता तरच आश्चर्य होते.

संशय सिद्ध करणे मात्र आवश्यक होते, कारण डाग दिसला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नाही. त्यासाठी दोन चाचण्या केल्या आणि दोन्ही मी कोणत्याही प्रयोगशाळेला सुचवीन. पहिल्या चाचणीत एका चंबूत ड्युटेरियमयुक्त टेट्राकोसेन घातले, जे निसर्गातील कोणत्याही तेलात नसते आणि ज्याचा ६६ वस्तुमानाचा तुकडा सहज ओळखता येतो. तो चंबू दुपारी तीन वाजता नेहमीच्या पद्धतीने आटवला, उसळी येऊ दिली, आणि लगेच दुसऱ्या चंबूत निव्वळ पेट्रोलियम ईथर घेऊन तेही आटवले. दुसऱ्या चंबूत ड्युटेरियमयुक्त टेट्राकोसेन स्पष्टपणे मिळाले. संसर्गाचा मार्ग सिद्ध झाला. हीच चाचणी सकाळी सात वाजता, बर्फ घातलेल्या पाण्यावर केली तेव्हा दुसरा चंबू कोरा राहिला.

दुसरी चाचणी आधीच्याच आलेखांवर केली, त्यासाठी नवे द्रावक खर्च करावे लागले नाही. आसामच्या तेलात ओलियनेनबरोबर बायकॅडिनेन नावाची संयुगेही असतात; ती डिप्टेरोकार्प कुळातील, म्हणजे साल आणि गर्जन यांच्या गोतातील वृक्षांच्या डामर राळेपासून येतात आणि ३६९ वस्तुमानाच्या आलेखात ठळकपणे दिसतात. राजस्थानच्या नमुन्याचे जुने आलेख ३६९ वर पुन्हा काढले, तर तेथेही बायकॅडिनेनची पुसट शिखरे होती, आणि त्यांचे ओलियनेनशी असलेले प्रमाण आसामच्या नमुन्यातील प्रमाणाशी जुळत होते. निव्वळ योगायोगाने एखादे संयुग येऊ शकते. संयुगांचा संपूर्ण कुटुंबकबिला त्याच प्रमाणात आला की तो कोणत्या घरून आला हे सांगावे लागत नाही.

आम्ही केलेले बदल साधे आहेत. वाफेची नळी आणि उसळीचा फुगा प्रत्येक नमुन्यानंतर काढून डायक्लोरोमीथेनने दोनदा धुतला जातो, आणि प्रत्येक मालिकेसाठी फुगा स्वतंत्र ठेवला आहे. पाणतापकाचे तापमान ३० अंशांपुढे नेले जात नाही. निर्वात हळूहळू वाढविले जाते. चंबू निम्म्याहून अधिक भरला जात नाही. बादलीत बर्फाच्या लादीचा तुकडा टाकला जातो, आणि उन्हाळ्यात आटवण्याचे काम सकाळी नऊच्या आत उरकले जाते. शेवटचे दोन मिलिलिटर बाष्पीभवकावर न आटवता नायट्रोजनच्या मंद झोतात आटवले जातात. ज्या तेलात वनस्पतींची खूण नसावी अशी अपेक्षा आहे ते सर्वांत आधी घेतले जाते, आणि ब्लँक आता सर्वांत शेवटी, दिवसातील सर्वांत मळकट नमुन्यानंतर केला जातो. यातील शेवटचा बदल एकट्याने केला असता तरी दोन वर्षे वाचली असती.

कॉलमच्या तळाशी लावायच्या बोळ्याबद्दलही येथेच सांगतो. सोलापुरात कापूस हाताशी असतो, म्हणून एका विद्यार्थ्याने काचलोकरीऐवजी कापसाचा बोळा लावला होता. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा थर असतो आणि त्यातील काही भाग द्रावकात उतरतो. वनस्पतींच्या मेणाचाच शोध घेणाऱ्या प्रयोगात वनस्पतीचे मेण स्वतःच्या हाताने घालणे टाळावे. कापूस वापरायचाच असेल तर तो आधी द्रावकात दीर्घकाळ निथळून घ्यावा. व्हायलचे तोंड पॅराफिनच्या पट्टीने बंद करण्याची सवयही अशीच घातक आहे, कारण त्यातून येणाऱ्या सरळ साखळीच्या अल्केनांत विषम-सम असा भेद नसतो आणि वनस्पतींच्या मेणामुळे नमुन्यात येणारा विषम कार्बनसंख्येच्या प्राबल्याचा खरा संकेत त्यामुळे पुसट होतो.

शिखर तरीही राहिले तर

नळी स्वच्छ केल्यानंतर राजस्थानच्या तेलातील शिखर नाहीसे झाले, आसामचे तसेच राहिले, आणि खंभात खोऱ्यातील नमुन्याचे शिखर थोडे लहान होऊन टिकून राहिले. टिकलेले शिखर खरे आहे हे मान्य. परंतु ते संपूर्णपणे ओलियनेनचेच आहे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि येथे यंत्राऐवजी वाचणाऱ्याची परीक्षा असते.

नेहमीच्या पाच टक्के फेनिल असलेल्या कॉलमवर ल्युपेन हे संयुग ओलियनेनच्याच वेळी बाहेर पडते. दोघांचेही वस्तुमान ४१२, दोघांचाही १९१ चा तुकडा ठळक, त्यामुळे आलेखावर एकच शिखर दिसते. फरक असा, की ल्युपेनच्या रेणूला आयसोप्रोपिलचा शेंडा असतो. तो ४३ वस्तुमानाचा शेंडा तुटला की ३६९ चा तुकडा उरतो, आणि ओलियनेनमध्ये तो तुकडा नगण्य असतो. म्हणून शिखराच्या चढावर, माथ्यावर आणि उतारावर अशा तीन ठिकाणी वस्तुमानपट घेऊन ३६९ आणि ४१२ यांचे परस्पर प्रमाण पाहावे. ते तिन्ही ठिकाणी सारखे आणि अल्प असेल तर शिखर बव्हंशी ओलियनेनचे आहे. ते बदलत असेल तर एकाहून अधिक संयुगे एकमेकांत मिसळलेली आहेत. ज्यांच्याकडे दोन टप्प्यांचे वस्तुमानमापी यंत्र आहे त्यांनी ४१२ पासून ३६९ कडे जाणारे संक्रमण स्वतंत्रपणे मोजावे. बायकॅडिनेनही ३६९ वर दिसतात हे वर आलेच आहे. त्यामुळे केवळ ३६९ दिसले म्हणून ल्युपेन असे म्हणता येत नाही, शिखर नेमके कोणत्या मिनिटाला बाहेर पडते हेही जुळले पाहिजे.

प्रश्न केवळ ‘झाडे होती का’ एवढाच असेल, तर ओलियनेन की ल्युपेन या वादाने काही बिघडत नाही, कारण ल्युपेनही ल्युपिऑल आणि बेट्युलिनसारख्या वनस्पतिजन्य संयुगांपासूनच येते. परंतु गुणोत्तरावरून काळ ठरवायचा असेल, किंवा दोन विहिरींचे तेल एकाच उगमाचे आहे का हे पाहायचे असेल, तर दोन संयुगांची बेरीज एकाच्या नावावर लिहिणे चालत नाही. खंभात खोऱ्याच्या बाबतीत बायकॅडिनेन सापडणे आश्चर्याचे नाही. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइट खाणीत इओसीन काळातील, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा अंबर सापडला असून तो डिप्टेरोकार्प वृक्षांच्या राळेचाच आहे.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. ओलियनेन दिसले नाही म्हणून सपुष्प वनस्पती नव्हत्या, असा निष्कर्ष काढू नये. गाळ नुकताच साचत असताना त्याला समुद्राच्या पाण्याचा स्पर्श झाला तर ओलियनेन चांगले टिकते. गोड्या पाण्याच्या दलदलीत मात्र त्याच मूळ संयुगांचे रूपांतर बहुतांशी अॅरोमॅटिक संयुगांत होते. कोळशाच्या थरांपासून आलेल्या तेलात झाडांचा अंश उघड असूनही ओलियनेन तुटपुंजे आढळू शकते, ते यामुळेच. अशा वेळी संपृक्त अंश बाजूला ठेवून अॅरोमॅटिक अंश तपासावा. तेथे १८३ आणि १९८ वर कॅडलिन आणि २१९ आणि २३४ वर रेटिन मिळते का ते पाहावे. शंकुधारी वृक्षांचा हात असेल तर संपृक्त अंशातच १२३ च्या आलेखात आयसोपिमारेन, फायलोक्लाडेन अशी डायटर्पेने दिसतात.

२९ कार्बनी स्टेरेनच्या समीकरणाकडे आता परत येतो, कारण आमच्या पहिल्या चुकीचा अर्धा भाग तोच होता. स्थलीय वनस्पतींतील सिटोस्टेरॉल आणि स्टिग्मास्टेरॉल यांच्यापासून २९ कार्बनी स्टेरेन तयार होते हे खरे. परंतु काही हिरवी शैवालेही २९ कार्बनी स्टेरॉल मुबलक बनवितात. बाघेवालाचे तेल आणि त्याच्याशी साधर्म्य असलेली ओमानमधील हुक्फ गटाची तेले या दोहोंत २९ कार्बनी स्टेरेनचे प्राबल्य आहे, आणि दोन्ही तेले झाडे जन्माला येण्यापूर्वीची आहेत. म्हणून २१७ च्या आलेखावरून काढलेला, २७, २८ आणि २९ कार्बनी स्टेरेनांचे प्रमाण दाखविणारा त्रिकोण एकटा वाचू नये. त्याच नमुन्यात प्रिस्टेन आणि फायटेन या दोन शाखायुक्त अल्केनांचे गुणोत्तर १ हून कमी होते, जे ऑक्सिजनरहित समुद्रतळाकडे बोट दाखविते. स्थलीय द्रव्याच्या तेलांत ते बहुधा ३ हून अधिक असते. हा आकडा आमच्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून होता, पण तक्त्याच्या दुसऱ्या पानावर होता.

प्रयोगशाळेत सर्व काही चोख असूनही ओलियनेन पाहुणे म्हणून येऊ शकते, तेही येथे नोंदवितो. जुन्या खडकात तयार झालेले तेल वर सरकताना अलीकडच्या कोळशाच्या किंवा कार्बनी थरांतून गेले, तर त्या थरांतील संयुगे ते द्रावकाप्रमाणे विरघळवून घेते. विहीर खोदताना वापरल्या जाणाऱ्या चिखलात लिग्नाइटयुक्त भर किंवा खनिज तेल असेल, तर तेही नमुन्यात उतरते. या दोन शक्यता काचसामान धुऊन जात नाहीत. त्यासाठी विहिरीची नोंदवही आणि चिखलाचा वेगळा नमुना मागवावा लागतो. सोलापुरात बसून हे मागविणे सोपे नाही. आपल्या पायाखाली डेक्कनचा काळा पाषाण आहे. शेजारच्या किल्लारीला भूकंपानंतर घेतलेल्या विंधनविवरात सुमारे ३४० मीटरवर तो संपून जवळजवळ थेट नाइस खडक लागला. तेल देणाऱ्या गाळाच्या खडकांशी आपली गाठ बाटलीतूनच पडते, त्यामुळे बाटलीवरची चिठ्ठी अपुरी असेल तर ती पूर्ण करून घेतल्याखेरीज आम्ही नमुना आता स्वीकारत नाही.

दोष सापडल्यानंतर मागील दोन उन्हाळ्यांतील सर्व अहवाल काढून पुन्हा वाचले. मार्च ते जून या काळात आसामच्या नमुन्यानंतर चालविलेले अकरा नमुने निघाले. त्यांपैकी दहांचे मूळ तेल शीतकपाटात शिल्लक होते, ते स्वच्छ नळीवर नव्याने चालविले आणि सात अहवालांतील आकडे बदलले. अकरावा नमुना संपलेला होता. त्याच्या अहवालात ओलियनेनचे गुणोत्तर ०.०६ असे लिहिले होते. ती ओळ खोडून तेथे ‘अनिर्णित’ असे लिहिले आहे, आणि त्या दिवशी त्याच्या आधी कोणता चंबू लावला होता हे समासात नोंदविले आहे.